बिनविशेषणांचा बॅनर

“‘शब्दांचे सम्राट, दिलदार व्यक्तिमत्त्व, वाचकांच्या गळ्यातील ताईत...’” इथपर्यंत वाचून योगिनी मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. “दर्शना, हा कादंबरीवरचा निबंध आहे की लेखकाचा वाढदिवस?”

स्टाफरूममधल्या बाकीच्या दोन बायका चहाच्या कपात तोंड घालून हसल्या. दर्शना फरशीकडे बघत उभी राहिली. तिला खरं तर शाबासकीची अपेक्षा होती. एवढे भारी शब्द तिने आजवर कुणाला फुकट दिले नव्हते.

“कादंबरी वाचलीस का?”

“हो मॅडम.”

“नायकाच्या बायकोचं नाव काय?”

आली का पंचाईत! पहिलं प्रकरण आणि मागच्या कव्हरवरचा मजकूर, एवढ्यावर दर्शनाने तीन पानं ओढली होती. त्यात बायको कुठे आलीच नव्हती.

मॅडम रागावल्या नाहीत, हेच जास्त लागलं. त्या म्हणाल्या, “आधी वाच. मग तुझ्या चांगल्या ओळखीचं एक माणूस घे आणि त्याच्याबद्दल चार ओळी लिही. एकही विशेषण वापरायचं नाही. ते जमलं की मग निबंधाला बस. शुक्रवारी आणून दे, नाहीतर मला शून्य द्यावं लागेल.”

“एकही नाही?” दर्शनाने विचारलं. मॅडमनी तिला जणू बिनमिठाची आमटी करायला सांगितली होती.

आता यात त्या पोरीचा तरी काय दोष? बारावी झाल्यापासून ती ठाण्याच्या कोपरीत प्रशांतदादाच्या फ्लेक्सच्या दुकानात कामाला होती. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान. प्रशांतदादा मशीन बघायचा आणि दर्शना मजकूर. गिऱ्हाईक येणार, पेनड्राइव्ह टेबलावर टाकणार आणि म्हणणार, “तू टाक गं तुझ्या पद्धतीने.” की हिची बोटं सुटलीच. युवकांचे आशास्थान, विकासाचा ध्यास, गोरगरिबांचे कैवारी. मिसरूड न फुटलेल्या पोरांना तिने ढाण्या वाघ केलं होतं. येऊरच्या जंगलात बिबटे नसतील इतके वाघ तिने एकटीने कोपरीच्या नाक्यावर टांगले होते. कुणी तक्रार केली नाही, कारण कुणी वाचतच नव्हतं. बॅनरवर लोक फक्त फोटो बघतात. आपला आहे का, केवढा आहे आणि कुणाच्या शेजारी आहे.

त्या सोमवारी दुपारी मशीन खरखरत होतं आणि दर्शना कादंबरी उघडून बसली. गोष्ट तालुक्याच्या कोर्टातल्या एका शिपायाची. त्यात काही म्हणजे काही घडत नव्हतं. तो फाइली उचलायचा, साहेबाला पाणी द्यायचा, घरी जायचा. बायकोचं नाव हौसा. ती तापाने जाते, तेही एका ओळीत. दर्शनाला वाटलं, झालं, आता इथे लेखक रडवणार. दुःखाचा डोंगर वगैरे येणार. पान उलटलं तर लेखकाने लिहिलेलं, ‘सोमवारच्या बाजारात त्याने कारली घेतली. त्याला कारली आवडत नसत.’

बस्स. पुढे लगेच कोर्टातला दुसरा दिवस.

दर्शनाने त्या दोन ओळी परत वाचल्या, मग तिसऱ्यांदा वाचल्या. पुस्तक मिटून ती उगाच पाणी पिऊन आली.

“काय गं, काय झालं?” प्रशांतदादाने विचारलं.

“काय नाय. कारली.”

“कारली?”

“त्याने कारली घेतली.”

“मग घेऊ दे की,” प्रशांतदादा म्हणाला आणि शाई भरायला वळला.

पण दर्शनाच्या डोक्यातून ती कारली जाईनात. त्या माणसाचं बायकोवर किती प्रेम होतं ते सांगायला तिला चाळीस शब्द लागले असते, आणि ते वाचून कुणी पाणी प्यायला उठलं नसतं. या लेखकाने ‘दुःखी’ हा शब्दसुद्धा वापरला नव्हता. त्याने फक्त पाहिलं होतं. आणि आपण? आपण गिऱ्हाइकाचा चेहरासुद्धा नीट बघत नाही, डोक्यामागची पांढरी जागा कापतो आणि वर वाघ लिहितो. तिला स्वतःची लाज वाटली. पुस्तक तिने दोन दिवसांत संपवलं आणि हौसा गेली ते पान परत उघडून वाचलं.

चार ओळींचं मात्र अवघड होतं. बोटांची सवय कुठे जाते? ‘आई’ लिहिलं की पुढे ‘मायेचा सागर’ आपोआप उमटायचं. खोडलं की ‘त्यागमूर्ती’ यायचं.

गुरुवारी ऑर्डर आली ती घरातली. दर्शनाचे चुलत आजोबा गुणाजीआबा शनिवारी पंच्याहत्तर वर्षांचे होणार होते. आबांनी उमेदीची सारी वर्षं मिठागरात काढली. पण घोडबंदर रोडची जमीन बिल्डरला दिली आणि त्यांचा मुलगा कमलेश मोठा माणूस झाला. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आणि यंदा त्याला पालिकेच्या निवडणुकीचं तिकीट हवं होतं. बॅनर आबांचा, पण खाली शुभेच्छुक म्हणून वॉर्डातल्या झाडून साऱ्या वजनदार माणसांचे फोटो हवे होते.

“मजकूर कडक टाक हां पोरी,” कमलेशकाका फोनवर म्हणाला. “आगरी समाजाचे आधारस्तंभ, दानशूर, वगैरे. तुला काय सांगायचं!”

दर्शनाने एकवीरा आईचा फोटो वर टाकला, मधोमध आबांचा, आणि आधारस्तंभ टाइप करायला गेली. तेवढ्यात आबांच्या फोटोतले डोळे तिच्याकडे बघतायत असं तिला वाटलं. या माणसाला ती जन्मापासून ओळखत होती. आबा आधारस्तंभ नव्हते. आबा कसे होते? तिने मजकुराच्या मोकळ्या जागेतच लिहायला घेतलं. मॅडमच्या चार ओळी इथेच जमतात का बघू, पाठ करून घेऊ, मग काढून टाकू. त्या भानगडीत ओळी सहा झाल्या, पण पहिल्यांदाच एकही वाघ मध्ये आला नाही.

लिहून झाल्यावर तिला एकदम हलकं वाटलं. त्या हलकेपणातच तिने फोटोंची मांडणी दाखवायला तेच चित्र कमलेशकाकाला पाठवून दिलं. दुकानाची पद्धतच तशी होती. गिऱ्हाईक आधी फोटो पास करतं, मजकूर मागाहून बदलला तरी कुणाला पत्ता लागत नाही. काकाचे एकामागून एक आवाजी मेसेज आले. शुभेच्छुकांत दौलतशेठ वरच्या रांगेत घे. माझा फोटो जरा गोरा कर. मजकुराबद्दल अवाक्षर नाही. दर्शनाने फोटो हवे तसे केले आणि मजकूर उद्या बदलू म्हणून फाइल तशीच ठेवली.

शुक्रवारी तिने निबंध दिला. त्यात तिने कारल्यांबद्दल लिहिलं होतं आणि स्वतःच्या वाघांबद्दलही. मॅडमनी तिच्यासमोरच वाचला. मग लाल पेनाने खाली एवढंच लिहिलं, ‘आता वाचलीस.’ दर्शनाचा जीव भांड्यात पडला. त्या खुशीत मैत्रिणींबरोबर ती तलावपाळीला गेली, भेळ खाल्ली, आणि दुकानात गेलीच नाही.

शनिवारी सकाळी प्रशांतदादाचा फोन. “दर्शना, अगं तू काय लिहून ठेवलंयस? काल कमलेशशेठचा ओके आला, फायनल, छापा म्हणाले. मी छापला, पोरांनी लावला पण. तू नाक्यावर ये. आत्ताच्या आत्ता!”

चप्पल एक कुठली, दुसरी कुठली, अशी ती धावत सुटली.

नाक्यावर वीस फुटी बॅनर झळकत होता. आणि आक्रीत बघा, लोक चक्क उभे राहून वाचत होते! रिक्षावाले, दूधवाला, पाठीला दप्तर लावलेली शाळेची पोरं. वर एकवीरा, खाली दौलतशेठ आणि मंडळी, आणि मध्ये हातभर अक्षरांत तिच्या ओळी.

‘गुणाजी आबा आज पंच्याहत्तर वर्षांचे झाले.
ते मिसरूड फुटायच्या आधीपासून मिठागरावर होते.
गावातल्या प्रत्येक लग्नात पंगतीला पाणी ते वाढतात.
कुणाच्या पेल्यातलं पाणी संपलं हे त्यांना सांगावं लागत नाही.
स्वतः ते शेवटच्या पंगतीला जेवतात.
आम्ही त्यांना स्टेजवर कधी बघितलं नाही.’

पांढरी गाडी करकचून थांबली. कमलेशकाका उतरला तो लालबुंद होऊन.

“पाणक्या केलास माझ्या बापाला?” तो ओरडला. “भर नाक्यात? संध्याकाळी वाढदिवसाला मोठी मोठी माणसं यायचीत. हे वाचतील, आणि काय म्हणतील? बाप पाणी वाढायचा?”

“काका, ते चुकून... मी बदलणार होते.”

“चुकून? हे असं चुकून सुचतं? तुझ्या घरातला ना गं तो?”

प्रशांतदादा मध्ये पडला. “शेठ, तुम्हीच ओके दिलात...”

“मी फोटोला ओके दिला! मजकूर कोण वाचतो?”

खरं होतं. दर्शनाच्या डोळ्यांत पाणी आलं ते मात्र काकाच्या शिव्यांनी नाही. तिच्या मनात एकच गोष्ट होती. आबांनी हे वाचलं आणि त्यांनाही असंच वाटलं तर? नातीने चारचौघांत आपली किंमत केली असं वाटलं तर? तिने तर त्यांचं मोठेपण लिहिलं होतं. पण आतापर्यंत साध्या शब्दांत मोठेपण असतं हे गावात कुणाला माहीत होतं? तिलासुद्धा सोमवारीच कळलेलं.

“काढा रे!” काकाने पोरांना हाक मारली. “शिडी आणा.”

“थांब की जरा,” मागून कुणीतरी म्हणालं. “मना वाचू दे.”

आबा खाडीवर फेरी मारून येत होते. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला रुमाल. लोक बाजूला झाले. आबा जेमतेम चौथी शिकलेले. ते बॅनरखाली उभे राहिले आणि एकेका अक्षरावर ओठ हलवत वाचायला लागले. एक रिक्षावाला हॉर्न मारायला गेला तर त्याला दुसऱ्याने दटावलं. दर्शनाला पाचव्या ओळीशी आबांचे ओठ थांबलेले दिसले आणि तिने डोळेच मिटले.

“चुकलंय,” आबा म्हणाले.

कमलेशकाका लगेच म्हणाला, “तेच सांगतोय आबा! आत्ता काढतो.”

“शेवटची पंगत आचाऱ्यांची असते,” आबा म्हणाले. “मी तेंच्या आधीच्या पंगतीला बसतो. तेंना पानी वाढायचं असतं ना मना.”

कुणीतरी फस्सकन हसलं आणि मग सगळा नाका हसला. त्या हसण्यात टवाळी नव्हती, हे कमलेशकाकालाही कळलं असावं. भिवा रिक्षावाला पुढे आला. “शेठ, माझ्या लग्नात आचारी भांडून निघून गेलेला. आबा पहाटेपर्यंत उभे होते. माझी आई अजून नाव काढते.” मागून एक बाई म्हणाली, “आमच्या दारात पण होते.” मग एकेकाला आपापलं लग्न आठवायला लागलं.

“पण आबा,” कमलेशकाकाचा आवाज आता खाली आला होता, “संध्याकाळी लोक यायचेत. एवढी वर्षं गेली, आता आपण...”

“आता आपन काय? पानी वाढनं बंद केलाय का मी?”

आबांनी दर्शनाकडे बघितलं. ती अजून डोळे पुसत होती.

“तू लिवलंस?”

“हो आबा. तुम्हाला राग आला?”

आबांनी परत वर पाहिलं, स्वतःच्या भल्यामोठ्या फोटोकडे.

“राग कनाला येल? खरा लिवलाय,” ते म्हणाले. “पन पोरी, फोटो कनाला टाकलास? फोटो नसता तरी मानसांनी वलखला असता.”

एवढं बोलून ते रुमाल सारखा करत घराकडे चालू लागले. हसू की रडू दर्शनाला कळेना, म्हणून तिने प्रशांतदादाचा दंडच घट्ट धरला.

पोरांनी शिडी आणून टेकवली. “शेठ, काढायचा ना?” एकाने विचारलं.

कमलेशकाकाने गॉगल काढून खिशात ठेवला, रस्त्याच्या मध्यावरून पुढे आला आणि बॅनरसमोर उभा राहिला. दर्शना बघत होती. दौलतशेठकडे नाही, स्वतःच्या गोऱ्या केलेल्या फोटोकडेही नाही, तो पहिल्या ओळीपासून मजकूर वाचत होता. आणि वाचताना त्याचेही ओठ हलत होते.