विडा घेण्याआधी

हिंदुराव नातेपुत्याहून सोलापुरात आला, त्याला तीन वर्षे झाली होती. शेताचा वाटा भावाला देऊन त्याने एक जुनी मोटार लॉरी घेतली होती. ती तो स्वतःच चालवी. पण सुट्या लॉरीला रोज माल कोण देणार? दोन दिवस भाडे मिळे, चार दिवस लॉरी शुक्रवार पेठेच्या तोंडाशी उभी. त्यातच आठ महिन्यांपूर्वी त्याची बायको वच्छला तापाने गेली. मागे राहिली सहा वर्षांची बजा. तिला सांभाळायला वच्छलाची आई म्हाळसाबाई येऊन राहिली.

आई गेल्यापासून बजा बापावाचून जेवत नसे. आजीने कितीही समजावले तरी ताट पुढे घेऊन बसून राही.

एके दिवशी ईश्वरप्पा शेटच्या मोटार कंपनीचा निरोप आला. लॉरी कंपनीला लावा, रोज माल देऊ, उद्या कचेरीत या. हिंदुराव हरखून गेला. शेजारचा शंकरप्पा ओट्यावर बसला होता. त्याचीही लॉरी होती आणि ती दोन वर्षांपासून दुसऱ्या एका कंपनीकडे होती. हिंदुरावाने त्याला बातमी सांगितली.

"काय काय विचारलंस?" शंकरप्पा म्हणाला.

"विचारायचं काय त्यात? एवढा मोठा माणूस आपणहून बोलावतोय की!"

"माल कुटं न्यायचा?"

"ते न्हाय ठाव."

"शेळी घेताना तिचं तोंड उघडून दात बघतोस. अन् हितं अख्खी लॉरी देऊन बसणार?"

हिंदुराव ओशाळून हसला. "आप्पा, पण बोली ठरली की शेट पानाचा इडा देत्यात. इडा घेतल्यावर चौकशी करायची म्हंजे त्यांच्या इमानावर शंका घेतल्यावानी व्हतं."

"माझं तितंच चुकलं बघ. इडा आधी येतो, कागद मागनं. खाल्ल्या पानाची लाज वाटून मी मुकाट अंगठा दिला. माझी आई अक्कलकोटला आजारी पडली. मी म्हटलं, आज माल नको. कंपनी म्हणाली, कागदात हाय, माल नाकारता येत न्हाय. मी विजापूरला गेलो. परत आलो तवा आई गेली व्हती." शंकरप्पा हळू म्हणाला, "सोडतो म्हटलं तर एक वरीस आधी सांगायचं. तंवर दुसऱ्याचा माल भरायचा न्हाय. लॉरी माझी अन् हुकूम त्यांचा!"

आतून म्हाळसाबाई दारात आली. "हिंदुराव, तुमी आठ-आठ दिस भाईर ऱ्हाणार असला तर मला आत्ताच सांगा. दिवस मावळला की मला दिसत न्हाय. पोरगी उपाशी झोपली तरी कळायचं न्हाय."

"तसं न्हाय हुणार, मामी," हिंदुराव म्हणाला. पण तसे होणार नाही, हे त्याला तरी कुठे ठाऊक होते?

"मग विचार," शंकरप्पा म्हणाला. "माल नाकारता येतो का? वाटेत गाडी मोडली, माल भिजला, तर भरायचं कुणी? भाडं कवा हातात येणार? अन् सोडायचं तर कसं? कागद पुरा वाचून घे. त्याची नक्कल माग."

दुसऱ्या दिवशी कचेरीत बाकावर आणखी एक लॉरीवाला बसला होता, कोंडीबा. ईश्वरप्पांनी हसून विडा पुढे केला. हिंदुरावाने तो घेतला, पण तोंडात घातला नाही. त्याला वच्छला आठवली. बाजारात ती कासाराला विचारी, "बांगडी भरताना फुटली तर पैसं घेणार का?" तेव्हा हा लाजून लांब उभा राही. ती म्हणे, "इचारलं म्हणून कुणी मारतंय व्हय?"

त्याने विडा टेबलावर ठेवला. "शेट, आधी थोडं विचारायचं हाय."

"शेटवर भरवसा नाही का?" कारकून म्हणाला.

"हाय म्हणून तर त्यांच्याच तोंडून ऐकायचंय."

त्याने एकेक प्रश्न विचारला. ईश्वरप्पांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या. "तुझ्यासारखे पन्नास लॉरीवाले मिळतील मला!"

"मिळतील जी. पण माझी पोर एकच हाय. तिला आई न्हाय. मी सांजला घरी न्हाय गेलो तर ती जेवत न्हाय."

हे ऐकून ईश्वरप्पांचा राग निवळला. त्यांनी कागद ओढला आणि ते मोठ्याने वाचू लागले. माल नाकारता येणार नाही, या कलमापाशी ते थांबले. "वकिलानं लिहिला. मी कधी नीट वाचलाच नाही," ते म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हाताने कलमे बदलली. हिंदुरावाला बार्शीची खेप, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. लांबची खेप विचारूनच. भाडे दर शनिवारी. सोडायचे तर एक महिना आधी सांगायचे. माल झाकायची ताडपत्री कंपनीची, मात्र मोडतोडीचा खर्च लॉरीवाल्याचाच. तेवढा खर्च उचलायचे त्यांनी मानले नाही. हिंदुरावाने ते समजून पत्करले, नक्कल घेतली आणि सही केली.

तोच बाकावरून कोंडीबा चाचरत उठला. त्याने मागच्या महिन्यातच अंगठा दिला होता. "शेट, माझ्या बी कागदात तेच हाय का?"

"तेच आहे," ईश्वरप्पा खाली बघत म्हणाले. "ये. तुझाही वाचू."

बंधूंनो, केवळ भिडेपोटी आपण किती कागदांवर अंगठे देतो! विचारणे म्हणजे अपमान नव्हे. जो खरा असेल तो उत्तर देईल, आणि जो उत्तर देणार नाही त्याच्या दारातून वेळीच परत फिरता येईल. आपल्या घरी आपली वाट कोण पाहते, हे समोरच्याच्या कागदात लिहिलेले नसते. ते आपणच तोंड उघडून सांगायचे असते, आणि सही करायच्या आधी सांगायचे असते.