दुधाच्या थेंबाचं कडं

थेंब सुकतो कसा, या एवढ्याशा प्रश्नावर देवयानीची नोकरी चालत होती. लखनौच्या एका प्रयोगशाळेत ती दिवसभर काचपट्ट्यांवर थेंब टाकायची आणि ते सुकायची वाट बघायची. तिच्या सासूबाईंना, चंद्रप्रभाबाईंना, याचं फार हसू यायचं. "माझ्या ओट्यावर रोज सुकतात, मला कोणी पगार दिला नाही," त्या म्हणायच्या.

त्यामुळे वृंदावन योजना नावाच्या वसाहतीतल्या त्यांच्या घरी चहाला भलतीच चव यायला लागली, तेव्हा छडा लावायचं काम आपसूक देवयानीकडे आलं. नवरा विश्वास रेल्वेत इंजिनिअर. त्याने पहिल्याच घोटाला निकाल देऊन टाकला, "हरिहर दुधात काहीतरी घालतोय. बंद कर त्याला." हरिहर सरोजिनी नगरच्या पलीकडून मोटारसायकलला कॅन लटकवून यायचा. ही मंडळी साताऱ्याहून इथे आली तेव्हापासून दूध त्याचंच.

देवयानीने पातेल्यातलं दूध बाटलीत भरून नेलं. पाणी घालून पातळ केलेल्या दुधाचा थेंब काचेवर सुकला की कडेला रेघ उमटते, चहाच्या डागाला उमटते तशी. थेंबाची कड आधी सुकते, मग आतलं पाणी तिकडे धावतं आणि बारीक कण सोबत ओढून नेतं. साबण मिसळला की ही धावाधाव बिघडते आणि कण मध्येच पसरून राहतात. तुलनेला घेतलेल्या पिशवीच्या दुधाच्या थेंबाला सुरेख कडं आलं. घरच्या दुधाचा नुसता धुरकट डाग पडला.

देवयानी भडकली, आणि खरं सांगायचं तर मनातून खूशही झाली. तिचं शास्त्र घरात पहिल्यांदाच कामाला आलं होतं. त्या भरात तिने दोन्ही फोटो सेक्टरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले आणि खाली लिहिलं, हरिहर के दूध में डिटर्जेंट. अर्ध्या गल्लीने त्याचं दूध बंद केलं.

हरिहर फाटकाशी आला, पण आवाज चढवला नाही. "भाभीजी, शक है तो सीधे हमारे डिब्बे से लीजिए. जहाँ चाहे जाँच कराइए."

तिने बाटली कॅनमधून भरून घेतली. प्रयोगशाळेत थेंब सुकला आणि कडं उमटलं. तिने पुन्हा टाकला, पुन्हा कडं. कॅन आणि चहा यांच्यामध्ये एकच वस्तू होती, घरातलं पातेलं. ते न तपासता तिने निकाल लावला होता. एखाद्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर तिने त्याला फैलावर घेतलं असतं.

दुधाच्या पातेल्याला चंद्रप्रभाबाईंशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा घरचा कायदा. कामवाली गीता बाकी सगळी भांडी घासायची, हे सोडून. त्या संध्याकाळी देवयानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. सासूबाईंनी पातेलं घासलं, नळाखाली धरलं आणि पालथं घालायला उचललं. बुडाशी पांढरा फेस तसाच होता. नळ बंद करताना त्यांचा हात आधी भिंतीला लागला.

"आई, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की," त्या म्हणाल्या. मग स्टुलावर बसल्या. "मोतीबिंदू असेल. विश्वासला सांगू नकोस. हे पातेलंही काढून घेतलंत तर मला या घरात काय काम उरलं? इथे ना भाषा माझी, ना माणसं."

सासूचे डोळे वेशीवर टांगायचे नाहीत, असं ठरवून देवयानीने ग्रुपवर लिहिलं की तपासणीत चूक झाली, दूध चांगलं आहे. पण कोणी ऐकेना. एकीने लगेच लिहिलं, "फोटो झूठ थोड़े बोलता है."

शेवटी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "म्हणजे माझ्यापायी त्या पोराला चोर ठरवलंत?" एवढंच बोलून त्या उठल्या.

सकाळी हरिहरची मोटारसायकल समोरच्या घराशी थांबली. चंद्रप्रभाबाई कठडा धरून पायऱ्या उतरल्या, हातात धुतलेलं पातेलं. "भैया, दो लिटर" यापलीकडे त्यांचं हिंदी कधी गेलं नव्हतं. फाटकाफाटकांत उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "भैया, तुम्हारा दूध अच्छा है. साबुन मेरे हाथ का था. मेरे को आँख से दिखता नहीं."

हरिहर घाईने गाडीवरून उतरला. "अरे अम्मा, छोड़िए. लाइए, बर्तन दीजिए."

पण त्यांनी पातेलं त्याच्यापुढे धरलं नाही. मागे वळून ते देवयानीकडे दिलं.

"आधी तू बघ. निघालाय का साबण?"

देवयानीने पातेलं उजेडात तिरकं करून पाहिलं. खोटं बोलावंसं तिला फार वाटलं.

"थोडा राहिलाय, आई," ती म्हणाली आणि पातेलं विसळायला आत गेली.