मिठाची गुळणी

आमच्या ह्यांना नाही म्हणता येत नाही. हा गुण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी महिनाभर ह्यांना घेऊन जावं, रोजचा डबा मी पोचवीन. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत हे कामाला आहेत. तिथे ह्यांचं खरं नाव कुणाला आठवत नाही, सगळे ‘हो-हो’च म्हणतात. सुट्टीच्या दिवशी कामाला बोलावलं, हो हो. स्कूटर मागितली, हो हो. क्रेडिट कार्डसुद्धा असंच आलं घरात. बाजारात एक माणूस टाय लावून भर उन्हात उभा होता आणि सकाळपासून त्याच्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं. ह्यांनी पाहिलं. फॉर्म भरून, वर त्याला पाणी पाजून आले.

त्या कार्डावर फ्रीज घेतला. फ्रीज चांगला आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण दर महिन्याच्या बिलात ‘किमान रक्कम’ म्हणून जे लिहिलेलं असतं, तेवढंच हे भरायचे आणि खूश व्हायचे. बँकच म्हणतेय एवढं भरा, मग आपण जास्त शहाणपणा कशाला करायचा, असं ह्यांचं म्हणणं. पुढे कंपनीने काही महिने अर्ध्या पगारावर ठेवलं आणि तेवढंही भरणं थांबलं. मग व्याज, व्याजावर दंड, दंडावर पुन्हा व्याज. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, पण इथे मसाला पोत्याने ओतला होता. वसुलीवाल्यांचे फोन यायचे, हे त्यांच्याशी पाहुण्यांसारखं गोड बोलायचे. हळूहळू फोनही बंद झाले. मी म्हटलं, चला, सुंठेवाचून खोकला गेला.

आता माझं सांगते. मी जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवते. पडदे, गाद्यांची कव्हरं, तेही करते, पण खरं काम सोफ्याचं. आणि आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, जिथे दारातून सोफा आत येत नाही. त्यामुळे मी जिन्याच्या वळणावर बसून काम करते. शेजारी सोफ्याला वळसा घालून जातात आणि जाता जाता टोमणा मारतात, की वहिनी, आज तिघांचा दिसतोय, बसू का थोडं. घरात पलंगाखाली फोम, कपाटावर फोम, ताटात कापसाचे तंतू. खालच्या रस्त्यावर एक गाळा भाड्याने मिळत होता. रुंद शटर, सोफा टेम्पोतून उतरवला की थेट आत. मागे खिडकी, म्हणजे दिवसभर उजेड. किती वर्षं पैसे साठवले ते मलाच माहीत. डिपॉझिटचा पहिला हप्ता मालकाला दिला होता, दुसरा दोघांच्या नावावरच्या खात्यात तयार होता. मशीन कुठे ठेवायचं हेसुद्धा मी खडूने जमिनीवर आखून आले होते.

आणि कोर्टाचं समन्स आलं. बँकेने ह्यांच्यावर दावा लावला होता. जो आकडा मागितला होता, त्यात गाळ्याचं डिपॉझिट, दोन्ही हप्ते, अगदी चोख बसत होतं.

ओळखीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्यांनी कागद चाळले आणि कपाळाला आठी घातली.

“शेवटचा पैसा भरल्यापासून ठरावीक वर्षं गेली, की बँकेला दावा लावता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमची मुदत कधीच संपली असती. पण संपायच्या जरा आधी हे पैसे जमा झालेत. त्यामुळे मुदत परत पहिल्यापासून मोजतात. कोणी भरले हे?”

रक्कम केवढी, तर एका पडद्याच्या शिलाईएवढी. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पंख्याकडे पाहत होते.

“ती मुलगी रडत होती गं,” हे म्हणाले.

“कोण मुलगी?”

“बँकेकडून फोन करायची ती. महिनाअखेर होती. तिच्या नावावर एकही वसुली नव्हती, त्या दिवशी काहीच आलं नसतं तर काढून टाकणार होते तिला. काका, थोडे तरी भरा, म्हणाली. मग जेवणाच्या सुट्टीत जाऊन बँकेच्या मशीनमध्ये भरून आलो.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू ओरडली असतीस.”

हे मात्र खरं होतं. मी वकीलबाईंच्या ऑफिसातच ओरडले. ज्याने इतकी वर्षं बायकोला एक दिवस फिरायला नेलं नाही, तो जेवण सोडून बँकेचं मशीन शोधत हिंडला. आपला हात जगन्नाथ म्हणतात, आमच्याकडे हात आपला आणि जगन्नाथ दुसऱ्याचा.

वकीलबाईंनी मला पाणी दिलं. त्यांचा चेहरा मात्र उजळला होता. “मशीनमध्ये रोख भरले म्हणजे सही नाही. बँकेकडे नुसती नोंद आहे. पैसे ह्यांनीच भरले हे त्यांना सिद्ध करावं लागेल, आणि ते फक्त ती मुलगी सांगू शकते. ह्यांनी खोटं बोलायचं नाही. ह्यांनी काहीच बोलायचं नाही. तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं, बाकी मी बघते.”

“हो हो,” हे म्हणाले.

तारखेपर्यंत मी ह्यांची तालीम घेतली. ताट वाढताना मध्येच विचारायची, पैसे कोणी भरले? की हे लगेच, “मी... म्हणजे, काही नाही.” भाजी संपली की वाढणार नाही, अशी धमकी दिली. शेवटी शेवटी हे नुसतं खाली बघायला शिकले. मला वाटलं, जमलं.

कोर्टाची खोली अगदी साधी होती. लाकडी बाकं, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ, आणि माणसं अशी कंटाळलेली की जणू दवाखान्यात नंबर लावलाय. बँकेच्या वकिलाने त्या मुलीला उभं केलं. केवढीशी पोर. बँकेने तिला नंतर काढलंच होतं म्हणे, आता चपलांच्या दुकानात होती. तिने ह्यांना पाहिलं आणि ह्यांनी ओळखीचं हसू आणलं. मी ह्यांच्या पायावर पाय दिला.

“या गृहस्थांनी तुमच्याशी बोलून पैसे भरले ना?” वकिलाने विचारलं.

तिने आमच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला आठवत नाही. आम्ही दिवसभर फोनच करायचो.”

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं. मला तर शटर वर जाताना दिसायला लागलं. मनात म्हटलं, पोरी, तुझ्या दुकानातून चार जोड चपला घेईन.

पण बँकेचा वकील काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. “आठवत नाही? इथे तुमच्या नावाने नोंद आहे, ग्राहकाने कबूल करून पैसे भरले. मग ही नोंद खोटी का? की नोकरी टिकवायला तुम्हीच पैसे टाकलेत आणि ह्यांचं नाव लिहिलंत? याला काय म्हणतात माहीत आहे ना? तुमच्यावर गुन्हा दाखल होऊ शकतो.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. वकीलबाई हरकत घ्यायला उठत होत्या, पण त्यांच्याआधी माझ्या शेजारचं बाक करकरलं. मी ह्यांचं मनगट धरलं होतं, घट्ट धरलं होतं. ते सोडवून घेतलं ह्यांनी.

“साहेब, पैसे मी भरले,” हे म्हणाले. “तिला उगाच बोलू नका.”

झालं. इतक्या दिवसांच्या तालमीवर पाणी पडलं. वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. मी कपाळावर हात मारला तो सगळ्यांना ऐकू गेला असणार.

बाहेर व्हरांड्यात ती मुलगी माझ्याजवळ आली. “काकू, मी म्हणाले होते ना आठवत नाही म्हणून. काकांसाठीच म्हणाले होते.”

“हो गं बाई,” मी म्हटलं. आणखी काय म्हणणार? ती ह्यांना वाचवायला निघाली होती, हे तिला वाचवायला निघाले होते. बुडाले कोण, तर मी, जिने त्या फ्रीजशिवाय कशालाच हात लावला नव्हता.

वकीलबाईंनी बँकेशी घासाघीस करून दंड थोडा कमी करून घेतला. अट एकच, सगळी रक्कम एकदम भरायची. म्हणजे खात्यातले पैसे गेलेच, वर मालकाकडून पहिला हप्ता परत आणायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी निघाले. हे म्हणाले, मीही येतो.

“या,” मी म्हटलं, “पण बाहेर थांबायचं. मालकाने तोंड वाईट केलं तर अर्धे पैसे त्यालाच सोडून याल.”

आणि मालकाने तोंड वाईट केलंच. माझं नुकसान झालं, दुसरा भाडेकरू परत पाठवला, घरात आजारपण आहे, थोडे तरी कापून घेऊ द्या. खरंही असेल त्याचं. मी म्हटलं, सगळे द्या. त्याने दिले. मी पैसे पिशवीत टाकले आणि गाळ्याकडे न बघता बाहेर आले.

हे पलीकडच्या फुटपाथवर उभे होते. “मिळाले?”

“सगळे.”

“बघ, तुला बरोबर जमतं,” हे म्हणाले. अगदी कौतुकाने म्हणाले. “मी असतो तर...”

“तुम्हाला माहीत होतं ना, मला हा गाळा किती हवा होता?”

“हो.”

“ती फोनवर रडली म्हणून तुम्ही धावत गेलात. कोर्टात रडायच्या बेताला आली म्हणून उठलात. मी लग्न झाल्यापासून तुमच्यापुढे एकदाही रडले नाही, मग मला काय हवंय ते तुम्हाला कसं कळणार? ही माझीच चूक.”

हे काहीतरी बोलायला गेले. ‘हो’ असंच म्हणणार होते, पण ते काही तोंडातून निघालं नाही. त्यांनी हळूच माझ्या हातातली पिशवी घेतली. आणि मी तिथेच, येणारे-जाणारे बघत असताना, शटरकडे पाठ करून रडले.