ओठ मिटून

चमचा ताटावर वाजला.

परीक्षेच्या खोलीत दुसरं कुणी नको. भिंतीवर कागद नको. कान झाकायचे नाहीत. ओठ हलवायचे नाहीत.

"हिची पुटपुट थांबली की समजायचं, चूक सापडली." ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा, प्रोग्रॅम तपासणारा टेस्टर हे प्रत्येक नव्या माणसाला सांगतो.

सरावाला तोंडावर लावलेली चिकटपट्टी ओढून काढली तर वरच्या ओठावरची लव निघते.

"प्रमाणपत्र असेल तरच नव्या प्रोजेक्टवर. नसेल तर... मॅडम, मला नका विचारू. वरून आलंय," टीम लीडनं सांगितलं होतं.

चमचा पुन्हा वाजला.

"आता कुठे हलले?" ती म्हणाली.

"हलले. खालचा हलला." नवरा समोर बसला होता, मांडीवर ताट, हातात चमचा. बायकोला गप्प बसवायचं काम अखेर रीतसर मिळाल्यामुळे स्वारी खुशीत होती.

"अहो, श्वास घेतला मी."

"ते परीक्षकाला सांग हं."

कोड वाचताना ती पुटपुटते. नोकरीला लागल्यापासून तशीच वाचत आलीय. ऑफिसात तिला पुटपुटच म्हणतात, तोंडावर. प्रशिक्षणाचे सगळे व्हिडिओ तिनं पाहिले, सराव पुटपुटत सोडवला, एकही उत्तर चुकलं नाही. पण परीक्षा कॅमेऱ्यासमोर होती, आणि कॅमेऱ्याला वाटलं ती कुणाशी तरी बोलतेय. तिसऱ्या ताकिदीला पडदा काळा झाला. आता दुसरी खेप. तिसरी मिळत नाही.

परीक्षेच्या दिवशी नवऱ्याला जिन्यात बसवलं. कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवला, पलंगाखालीसुद्धा. पहिला प्रश्न आला. कंस दिसत होते, शब्द दिसत होते. बंद काचेपलीकडून कुणी बोलावं तसे. तिनं जीभ दातांमागे दाबून धरली. टेबलाखाली पायांची बोटं चपलेत वळवळायला लागली.

"ओठ हलत आहेत. ताकीद पहिली," पडद्यावर आलं.

जबडा आवळला. पुन्हा वाचलं. पुन्हा. ओळ आत जाईना. घड्याळ मात्र जात होतं.

"ताकीद दुसरी."

मग तिनं वाचणंच सोडलं. असा प्रश्न सरावात होता. तेव्हा तिसरं उत्तर बरोबर होतं. तिसरं. पुढचा? पहिलं. का, ते विचारायचं नाही. पुढचा. पुढचा.

दार उघडलं तेव्हा नवरा उभा राहिला. "काय झालं?"

"पास."

"मग तोंड का असं?"

"दुखतंय," ती म्हणाली आणि गाल चोळत आत गेली.

सकाळी टीम लीडनं प्रमाणपत्र मोठ्या पडद्यावर लावलं. "मॅडम, कौशल्यातली दरी भरली!" टाळ्या पडल्या. नव्या प्रोजेक्टचा कोड तिच्या पुढ्यात आला. एकाच ग्राहकाचं बिल दोनदा निघत होतं. का, ते कुणालाच कळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं.

टेस्टरनं कानातले इअरफोन काढले. "सापडली?"

"काय?"

"चूक. गप्प झालात ना."

"अजून सुरूच कुठे केलंय, बाबा."

तो हसला, कामाला लागला. थोड्या वेळानं परत मान वळली. "आता?"

"नाही रे."

"मग बोला की काहीतरी! मला वाटतं सापडली, मी उगाच तयारीत बसतो."

ती पडद्याजवळ वाकली. इथे कॅमेरा नव्हता. ओठ उघडले, पहिला कंस जिभेवर आला, आणि कानात चमचा वाजला. ओठ मिटले. ती तीच ओळ डोळ्यांनी पुन्हा वाचायला लागली. मग पुन्हा.

दुपारनंतर टेस्टरनं विचारणं सोडलं.

तिच्या पहिल्या नोकरीत दोन मुलींना मिळून एकच संगणक होता. ती कोड मोठ्यानं वाचायची आणि दुसरी टाइप करायची.