चौथ्याला न सांगितलेली जागा

गुरुवारी सकाळी अकरा वाजता संगणक विभागाच्या विश्राम खरमाटेनं सर्व्हरच्या सामायिक साठ्यात चार टेराबाइटची भर घातली आणि एक्स-रे विभागाची नोंदखोली अठरा फुटांनी लांब झाली. यात नवल करण्यासारखं काही नव्हतं. कऱ्हाडच्या त्या रुग्णालयात साठा वाढला की खोली वाढायचीच. मागच्या वर्षी रक्तपेढीला अख्खा व्हरांडा मिळाला होता.

वाढवणं सोपं असतं, किचकट असतं ते नंतरचं सांगणं. संगणकखोलीत चार मोठे सर्व्हर होते. रुग्णालयाचे सगळे विभाग त्यांच्या पोटात चालायचे आणि चौघांचा साठा एकच होता. जागा वाढली की प्रत्येकाला वेगळं सांगावं लागे, पुन्हा एकदा बघून घे म्हणून. नाही सांगितलं तर त्याच्या लेखी भिंत जुन्या जागीच राहायची. विश्रामनं तिघांना सांगितलं. चौथा मुलखाचा मंद. त्याला नुसतं बघायलाच वीस मिनिटं लागत, आणि खाली कँटीनमध्ये गुरुवारची मिसळ संपत आली होती. विश्रामनं कामाच्या वहीत चौघांपुढे 'सांगितलं' अशा चारही खुणा एका दमात केल्या, सही ठोकली आणि जिना उतरला. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस काम आधी वहीत करतो आणि मग जमलं तर हातानं.

नोंदखोली सांभाळणाऱ्या सुलभाताई दुधाण्यांनी दुपारीच आपलं टेबल नव्या भागात हलवलं. तिथं खिडकी होती.

"जन्म गेला ओ ट्यूबलाइटखाली," त्या विश्रामला म्हणाल्या. "आता जरा उजेडात बसते."

चौथ्या सर्व्हरवर हजेरी होती, कँटीन होतं, फाटक होतं आणि अधीक्षकांचं कार्यालय होतं.

शुक्रवारी कँटीनचे शिवाप्पा चहा घेऊन आले, जुनी भिंत होती तिथवर चालले, थांबले आणि कप तसाच घेऊन परत गेले. हजेरीत सुलभाताईंची गैरहजेरी लागली. न दिसणाऱ्या जागेत माणूस दिवसभर बसला की तो त्या जागेचाच होतो, त्यामुळे संध्याकाळी फाटक त्यांच्यासाठी उघडलं नाही. आत आल्याची नोंद नव्हती, मग बाहेर सोडायचं कुणाला? त्यांची लेक विचारायला आली, तर पहारेकऱ्यानं तिला अगदी नम्रपणे सांगितलं की या नावाचं इथं कुणी नाही. सुलभाताई परत येऊन आपल्या टेबलाशी बसल्या.

"काय झालंय ओ खरमाटे? माझं काय चुकलं का?"

"नाही ताई. तांत्रिक आहे."

हे म्हणताना विश्रामचे कान तापले, तरी त्यानं वाक्य पुरं केलं. खरं तर चौथ्याला सांगायला वीस मिनिटं पुरली असती. पण चौथा प्रत्येक गोष्ट वेळेसकट टिपून ठेवतो, आणि मग गुरुवारची खूण खोटी होती हे सगळ्यांना कळलं असतं. तेवढ्यासाठी तो गप्प बसला. सोमवारपर्यंत तो घरून दोन डबे आणायला लागला होता. एक त्या अठरा फुटांत नेऊन ठेवायचा.

"तुम्ही एकटेच विचारता बघा," सुलभाताई भाकरी मोडत म्हणाल्या. "देव तुमचं भलं करो."

विश्रामला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी त्यानं स्वतःचा डबा उघडलाच नाही.

बुधवारी कार्यालयानं रिकाम्या जागेवर नवी बाई नेमली. तिचं टेबल जुन्या भिंतीच्या जागी, सुलभाताईंकडे पाठ करून लागलं. सुलभाताई मागून तिला फायली कुठं असतात ते सांगत राहिल्या. नव्या बाईनं एकदा पदर सावरला आणि वारा येतोय म्हणून शिपायाला खिडकी बंद करायला सांगितली. शिपायाला खिडकी सापडली नाही.

तेव्हा मात्र विश्राम अधीक्षक डॉ. शिरगुप्पे यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, चौथ्याला मी सांगितलंच नाही. वहीत खोटं लिहिलंय."

डॉक्टरांनी वही उघडली आणि बोटानं मोजलं.

"चार आहेत की."

"चौथी खोटी आहे, साहेब."

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं तर. तुमच्या सहीवर आम्ही कधी शंका घेतलीय का?"

शिव्या खायला गेलेला माणूस विश्वास घेऊन परत आला. इतकी लाज विश्रामला आयुष्यात कधी वाटली नव्हती. जिन्यात समोरून कुणी आलं की तो भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. आता निदान ताईंच्या समोर बसून काम करायचं आणि सगळं कबूल करायचं, असं ठरवून तो लॅपटॉप घेऊन त्यांच्या टेबलाशी गेला. चौथ्याला त्यानं पुन्हा बघायला सांगितलं. वीस मिनिटं दोघं शेजारी बसून होते. कबुलीचं पहिलं वाक्य त्यानं मनात बाराएक वेळा जुळवलं. मग पडद्यावर अक्षरं उमटली.

'अठरा फूट नवी जागा सापडली. आत कोणी नाही. कोरी करून वापरायला घ्यायची? मिनिटभरात उत्तर न आल्यास होकार धरला जाईल.'

खाली एकच बटण होतं, आणि ते होकाराचं होतं.

"सापडली का?" सुलभाताईंनी विचारलं.

"सापडली."

"मग मी आता दिसणार सगळ्यांना?"

विश्रामनं तोंड उघडलं. चाळीस सेकंद उरले होते. त्याची नजर पडद्यावरून हलेना, आणि सुलभाताईंना वाटलं, कामात आहे बिचारा, आपणच उगाच मध्ये बोललो.

"मी आड येत न्हाई ना?" त्या हळूच म्हणाल्या, आणि केर काढताना घेतात तसे त्यांनी दोन्ही पाय खुर्चीवर घेतले.