नवं राहिलं होतं

काळीनं कणगीचं झाकण सारलं, आत हात घातला, आणि ओटीवरून नवऱ्याचं, पांड्याचं, खाकरणं ऐकू येताच तो रिकामाच बाहेर काढला. भाताला कीड लागली का ते बघत होते, असं तिनं सुनेला सांगितलं. सुनिताला नववा महिना लागला होता आणि तिला गेले कित्येक दिवस नव्या तांदळाची पेज हवी होती. तिनं मान हलवली आणि पुढ्यातली नागलीची भाकर मोडली.

कासा गाव सोडून आत गेलं की त्यांचा पाडा लागतो. त्या पाड्यात दिवाळीच्या मागेपुढे सगळ्यांनी नवं खाल्लं होतं. राहिलं होतं ते एकट्या पांड्याचं घर. त्याच्या घरची रीत अशी की भगतानं देवापुढे आणि पितरांपुढे नव्या भाताचा घास ठेवायचा आणि मग घरातल्या झाडून सगळ्यांनी एकत्र बसून जेवायचं. तोवर कणगीतल्या नव्याला कुणी तोंड लावायचं नाही. एक माणूस कमी असेल तर थांबायचं. लग्न करून गेलेल्या मुलीसाठी मात्र थांबत नाहीत, कारण ती दुसऱ्या घरची झालेली असते. पांड्याच्या मुलीचं, कविताचं, लग्न झालेलं नव्हतं. ती सुरतेच्या विमानतळावर कामाला होती.

तिला तिथे पाठवलं होतं पांड्यानंच. तलासरीला नोकरीचा मेळावा भरला होता. सुरतेची विमानं वाढणार, हॉटेलं वाढणार, त्यातून आजूबाजूच्या गावांतल्या पोरापोरींना कामं मिळणार, असं एका साहेबानं माइकवरून सांगितलं. अशी भाषणं पांड्यानं उभ्या जन्मात पुष्कळ ऐकली होती आणि त्यांतलं एकही खरं झालेलं पाहिलं नव्हतं. हे मात्र खरं झालं. विमानं वाढली, कविताला काम मिळालं, घरावर पत्रे आले, मनिषनं, म्हणजे तिच्या मोठ्या भावानं, जुनी का होईना मोटारसायकल घेतली. खरी झालेली गोष्टही माणसाच्या अंगावर येते, हे पांड्याला कुणी सांगितलं नव्हतं.

दिवाळीला ती येणार होती. ऐन दिवाळीत प्रवासी वाढले. मग देवदिवाळीला येते म्हणाली, तेव्हा दोन नवी विमानं सुरू झाली आणि सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द झाल्या. प्रत्येक वेळी पांड्यानं भगताला निरोप धाडला आणि प्रत्येक वेळी मागे घेतला. शेवटी झिपरू भगतानं हसत विचारलं, पोरगी विमानानं येणार आहे का रे, म्हणजे मी वर बघत बसतो. पांड्यालाही हसू आलं, पण ते घरी पोचेपर्यंत टिकलं नाही.

त्या रात्री जेवताना मनिषनं बायकोकडे, सुनिताकडे, बघत विषय काढलाच.

"बाबा, ती आता तिकडची झाली. हिच्या तोंडाकडे तरी बघा."

"तिकडची कशी झाली? लगीन लावलं का कुणी तिचं?"

काळीनं दोघांच्या ताटात भाजी वाढली आणि ती नवऱ्याला म्हणाली की आता फोन पुरे झाले, एकदा जाऊन तिला घेऊनच या.

सकाळी कासावरून जीप, चारोटीहून बस, आणि सुरतेला उतरल्यावर विचारत विचारत रिक्षा, असा पांड्या विमानतळावर पोचला. फडक्यात काळीनं दिलेलं सुकट होतं. त्याला वाटलं होतं की विमानं एस.टी.सारखी रांगेत उभी दिसतील. दिसली ती एक लांबलचक काच. दारावरच्या शिपायानं तिकीट मागितलं. मुलीला भेटायचंय म्हटल्यावर त्यानं बाहेर येणाऱ्यांच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि तिथेही आत जायचं नाही, अशी तंबी दिली. तंबी त्यानं चांगल्या शब्दांत दिली होती, त्यामुळे पांड्याला राग धरायलाही जागा उरली नाही.

बराच वेळ गेला. मग काच सरकली आणि कविता बाहेर आली. निळा कोट, घट्ट बांधलेला अंबाडा. ती चाकाची खुर्ची ढकलत होती आणि खुर्चीत एक जाडजूड म्हातारी बसली होती. कविता तिच्याशी गुजरातीत बोलत होती, वाकून, हळू आवाजात, घरी आजीशी बोलायची तशी. म्हातारीला मोटारीत बसवताना तिनं एका हातानं तिचं डोकं वरच्या पत्र्याला लागू नये म्हणून सांभाळलं. पांड्याला पोरीचं कौतुक वाटलं.

वळताना तिला तो दिसला. ती रिकामी खुर्ची घेऊन धावत आली आणि दोन हात अलीकडे थांबली, कारण दारावर कॅमेरा होता.

"बाबा? घरी सगळं बरं हाय ना? वहिनीचं काय?"

"सगळं बरं हाय. आयेनं सुकट दिलंय."

तिनं फडकं घेतलं, हुंगलं आणि पटकन कोटाखाली धरलं. मग विचारलं नसतानाच सांगू लागली. या रविवारीही सुट्टी मिळाली नव्हती. सुपरवायझर म्हणाला होता, आता गेलीस तर परत येऊ नकोस. राहिलीस तर नव्या वर्षात खुर्च्या सुटतील, काउंटरवर घेऊ. तिचे डोळे सुजलेले होते. ती बोलता बोलता सारखी मागे वळून दाराकडे बघत होती.

"तुम्ही माझ्यासाठी थांबलात ना? आय शिव्या देत असेल. वहिनीला असं ताटकळत ठेवलं तर मला पाप लागंल, बाबा. मला झोप नाय लागत."

पांड्या तिला न्यायला आला होता. बसमध्ये त्यानं वाक्यं जुळवून ठेवली होती. दटावण्याचीही दोन होती. पण समोर पोर अशी उभी होती. तिच्या मानेवरचं ओझं आपल्याच घराचं आहे हे त्याला दिसलं, आणि ते काढून घ्यायला हाताशी जे होतं ते त्यानं वापरलं.

"नाय थांबलो," तो म्हणाला. "परवाच नवं केलं. झिपरू आलेला. सगळी जेवली."

कविताचा चेहरा मोकळा होईल, असं त्याला वाटलं होतं. ती नुसती बघत राहिली.

"माझा वाटा काढलेला?"

"काढलेला. सुनितानं खाल्ला."

"बरं झालं," ती म्हणाली. "तिला लागतोच." कोटाचं बटण तिनं उगाच सोडलं आणि पुन्हा लावलं. मग हसली. "मग आज मी पण भात खाते. दसऱ्यापासून नुसत्या रोटल्या खाते, बाबा. खानावळीतला तांदूळ नवा का जुना, कसं कळणार? पोरी हसतात मला. म्हटलं, आपलं नवं व्हायचंय अजून."

पांड्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात आतून कुणीतरी तिच्या नावानं हाक मारली. आणखी एक विमान उतरलं होतं. तिनं घाईनं वाकून बापाच्या पायाला हात लावला, खुर्ची फिरवली, काच सरकली आणि बंद झाली. तो दोन पावलं पुढे गेला. शिपायानं या वेळी नुसता हात आडवा धरला.

पांड्या बसस्टँडवर येऊन बसला. पोरीनं परक्या गावात, रोज हसं करून घेऊन, जे धरून ठेवलं होतं, ते बापानं एका वाक्यात सोडवून टाकलं होतं. वर मनिषला विचारत होता, तिचं लगीन लावलं का कुणी. त्याला स्वतःची अशी लाज वाटली की शेजारच्या माणसानं तंबाखू पुढे केली तरी त्याला हात पुढे करवेना.

बस निघाली. वाटेत त्यानं मनाशी ठरवून टाकलं. तिला सांगायचं की बाप खोटं बोलला, नवं राहिलेलंच आहे, तू भात खाऊ नकोस. काउंटर मिळू दे, मग ये. सुनिताचं काय करायचं ते आम्ही बघू, शेजारून पेज मागून आणू, पण तुझ्यावाचून घराचं नवं होणार नाही. फोन त्यानं दोनदा लावला. ती कामावर होती, उचलला नाही.

चारोटीला उतरला तेव्हा दिवेलागण झाली होती. कासाची जीप भरायची होती. हॉटेलांसमोर मुंबईकडचे ट्रक लागले होते. पांड्या जरा बाजूला जाऊन उभा राहिला आणि पुन्हा फोन लावला. या वेळी तिनं लगेच उचलला. मागे थाळ्यांचा आणि पोरींच्या हसण्याचा आवाज येत होता.

"बाबा, पोचलात?"

"चारोटीला हाय. कविता, ऐक—"

"आत्ता जेवायलाच बसले," ती म्हणाली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी हलका झाला होता. "भात घेतला. सगळ्या पोरींना सुकट वाटलं. पयला घास घेतला तर रडू आलं, खरंच. या हसतात."

जीपवाल्यानं कासा, कासा, अशी हाळी दिली.

"बाबा? काय सांगत होता?"

"काय नाय," पांड्या म्हणाला. "पोटभर जेव."

जीपमध्ये त्याला मागच्या फळीवर जागा मिळाली. घरी पोचल्यावर काळी दारातच उभी होती. त्याच्या मागे कुणी नाही हे तिनं पाहिलं, तरी रस्त्याकडे एकदा बघून घेतलं. पांड्यानं पाय धुतले आणि मनिषला सांगितलं की सकाळी झिपरूकडे जा, उद्या नवं करायचं आहे.

"आणि कविता?" काळीनं विचारलं.

"तिची वाट बघायची नाय आता," पांड्या म्हणाला, आणि कणगीचं झाकण त्यानं स्वतःच्या हातानं काढून दिलं.