बिडाचा तवा

"हे बघ. निघतंय की नाही?"

नवऱ्यानं किल्लीचं टोक काळ्या तव्यावर पुन्हा ओढलं. काळा लेप नखाएवढा सुटला आणि खालचा पांढरा धातू दिसला. त्यानं तो कपचा बोटावर घेऊन तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"हे आपण खातोय. माझी पोर हे खातेय. किती दिवसांपासून?"

"अहो, तुम्ही किल्लीनं खरवडलंत म्हणून—"

तिचं वाक्य पुरं झालं नाही. तवा तिच्या खांद्यावर आपटला, तिथून भिंतीवर आणि भिंतीवरून फरशीवर. फरशीवर तो बराच वेळ गोल फिरत राहिला.  दारात ढब्बू उभी होती, शाळेच्या गणवेशात, एका पायात मोजा.

"ढब्बू, जा बेटा, दूध पी," तो एकदम मऊ आवाजात म्हणाला. "स्टीलच्या पेल्यातून पी हं. प्लास्टिकच्या नको."

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. शहरातल्या निम्म्या उंच इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्या होत्या आणि त्यातल्या एकीतही कुणाला कधी खरचटलं नव्हतं. दोर तपासायचा, पुन्हा तपासायचा, मग स्वतः आत उभं राहून खालीवर जाऊन बघायचा. "माणसाचा जीव असतो आत," असं म्हणायचा. लोक त्याला फार मानायचे. घरी तो पहिल्यापासूनच हात उगारायचा. मीठ जास्त झालं, दार उघडायला वेळ लागला, ती फोनवर हसून बोलली, कशावरूनही. मग त्याच्या आईच्या पोटात गाठ निघाली. म्हातारीला शेवटी पाणीही पचेना. तिनं मुलाचा हात धरून विचारलं होतं, "मी असं काय रे खाल्लं होतं?" तो प्रश्न त्याच्या डोक्यात जाऊन बसला आणि उठेचना.

त्यानंतर घरातली भांडी एकेक करून गेली. आधी ॲल्युमिनियमची पातेली. मग प्लास्टिकचे डबे, मग काळ्या लेपाची कढई. प्रत्येक भांडं जाताना तिच्या अंगावरून गेलं. आधी त्याला मारायला निमित्त लागायचं, आता निमित्ताला शास्त्र मिळालं होतं.

ती एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. रक्ताच्या, औषधांच्या, घामाच्या चादरी ढिगानं यायच्या आणि पांढऱ्या होऊन जायच्या. तिथं सगळ्यांवर देखरेख करणारी एक बाई होती. तिच्या नजरेतून कुणी पाच मिनिटंही सटकू शकत नसे, म्हणून सगळे तिला हवालदारमावशी म्हणायचे. मावशीनं त्या दिवशी तिचा खांदा बघितला.

"पुन्हा पडलीस?"

"हो. बाथरूममध्ये."

"तुमच्या बाथरूमला तव्याची कड आहे वाटतं," मावशी म्हणाली आणि चादर उचलून दुसरीकडे गेली. तिला जास्त खोदून विचारायची सवय नव्हती. पण त्या दिवशी जड गाठोडी तिनं हिला उचलू दिली नाहीत.

आठवड्याभरानं नवऱ्यानं फर्मान काढलं. तेलात तळायचं बंद. हवेवर तळायचं यंत्र आणायचं. "पण डोळे उघडे ठेवून आण. आतली टोपली काळी असली तर तुझ्याच डोक्यात घालीन." हे तो हसत हसत म्हणाला, पण ती हसली नाही.

काम सुटल्यावर मावशी तिच्याबरोबर दुकानात आली. दुकानात यंत्रांची रांगच होती. विकणारा मुलगा उत्साहात होता.

"मॅडम, हे घ्या, सगळ्यात जास्त खपतं."

"आतली टोपली कशाची?"

"नॉनस्टिक."

"नको. दुसरं?"

"हे सिरॅमिकचं."

"अख्खं सिरॅमिक, की वर लेप?"

मुलानं खोका उलटासुलटा करून वाचला. "लेपच आहे मॅडम. खाली ॲल्युमिनियम. पण चांगला असतो, जपून वापरला तर टिकतो."

"जपून म्हणजे?"

"खरवडायचं नाही. लाकडाचा चमचा वापरायचा."

तिला किल्ली आठवली. "नको," ती म्हणाली.

"एवढी कसली चौकशी गं?" मावशी वैतागली. "लग्न ठरवताना केली होतीस का एवढी?"

विकणारा मुलगा हसला. ती पण हसली, मग हसू येतंय म्हणून तिलाच भीती वाटली. शेवटी मुलानं वरच्या फळीवरून एक यंत्र उतरवलं. जाड काचेचं भांडं, आत स्टीलची जाळी, वर झाकणात पंखा. आत काय शिजतंय ते बाहेरून दिसत होतं. तिनं काचेवर टिचकी मारली, जाळीवरून बोट फिरवलं, वास घेतला. दहादा बघून मग घेतलं. घरी जाताना रिक्षात खोका तिनं मांडीवर असा धरला होता की मावशी म्हणाली, "बाळंतपण झाल्यासारखी बसलीयस."

नवरा घरी यायच्या आत तिनं यंत्र खिडकीत ठेवून रिकामंच चालवलं. खोक्यातल्या कागदावर तसं लिहिलं होतं, नव्याचा वास जातो म्हणून. मग बटाट्याचे काप करून आत घातले. काचेतून ते पिवळ्याचे तांबूस होताना दिसत होते. ढब्बू गुडघ्यावर बसून टीव्ही बघावा तसं बघत होती. "आई, फुगतायत बघ!"

तेवढ्यात तो आला. दारातच थांबला, नाक वर केलं.

"वास कसला?"

"नवीन आहे ना. रिकामं चालवून घेतलं मी. थोडा राहिलाय, जाईल."

त्यानं बूट काढले नाहीत. सरळ येऊन झाकण उचललं आणि उलटं केलं. लिफ्ट तपासावी तसं त्यानं ते तपासलं.

"हे काय आहे?"

झाकणाच्या आत, तापणाऱ्या तारेच्या भोवती एक गोल जाळी होती. ती काळी होती.

"इथून गरम हवा खाली येते. अन्नावर. बघितलं होतंस हे?"

"नाही. भांडं काचेचं बघितलं, जाळी—"

"वर बघितलंस का?"

"नाही."

"मग आता बघ."

त्यानं तिची मान मागून धरली. ती मान मागे ओढत होती, पण तो दिवसभर लोखंडी दोर ओढणारा माणूस. तिचा चेहरा तापलेल्या तारेच्या अगदी जवळ आला. भुवईचे केस जळाल्याचा वास आधी आला, मग आग. ती ओरडली. "बघ ना, नीट बघ, काय लिहिलंय का तिथं विष म्हणून?" तो विचारत होता. ढब्बू त्याच्या पायाला लटकली होती आणि तिच्या तोंडून आवाजच निघत नव्हता. त्यानं सोडलं तेव्हा तिच्या भुवईवर जाळीची एक कमान उमटली होती. काचेचं भांडं त्यानं मोरीत आपटलं. काच बारीक तुकड्यांत पसरली, बटाट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात पट्टी बांधताना नर्सनं विचारलं, कशानं भाजलं? ती म्हणाली, "इस्त्रीवर पडले." नर्सनं लिहून घेतलं.

त्या दिवसापासून ढब्बूनं खाणं सोडलं. एकदम नाही. आधी ती वास घ्यायला लागली. प्रत्येक घास नाकाशी न्यायची. मग विचारायला लागली, "आई, हे कशात केलंस?" मग विचारणंही थांबलं. जन्मली तेव्हा गुबगुबीत होती म्हणून बापानंच तिचं नाव ढब्बू ठेवलं होतं. आता हाक मारली की हाडं वाजवत एक मुलगी यायची आणि ते नाव ऐकवत नसे. शाळेतून दोनदा फोन आला, पोर चक्कर येऊन पडली म्हणून.

"तुझ्या हातचं खात नाही, कारण तिला कळतंय," नवरा म्हणाला. "मी करतो तिला. माझ्या हातचं खाईल."

त्यासाठी त्यानं स्वतः भांडं निवडलं. बिडाचा तवा, काळा आणि भलता जड. आत लेप नाही, जोड नाही, नुसतं लोखंड. तीन दिवस तो तेल लावून तापवत बसला होता. तवा आरशासारखा झाला. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं त्यावर बटाटे परतले, अंडं फोडलं. खरं सांगायचं तर वास फार छान सुटला होता. त्यानं ताटली सजवली, ढब्बूला समोर बसवलं आणि घास तिच्या तोंडाशी नेला.

"आ कर. बाबानं केलंय. यात काही नाही, शुद्ध आहे."

ढब्बूनं वास घेतला. तोंड मिटलं.

"राणी, एक घास. आजीची शप्पथ."

तिनं मान हलवली.

"मी एवढं तुझ्यासाठी करतोय आणि तू—" त्याचा आवाज बदलला. मायलेकींना तो बदल पाठ होता. ढब्बूची आई ओट्यापासून वळली.

"अहो, राहू द्या. मी बघते नंतर."

"तू मध्ये पडू नकोस."

त्यानं ढब्बूचा जबडा दोन बोटांत धरून दाबला. चमचा दातांवर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो आत गेला आणि हिरडीतून रक्त आलं. ढब्बूचे डोळे पांढरे झाले. घास आत गेला तसाच बाहेर आला, त्याच्या हातावर, शर्टावर, सजवलेल्या ताटलीत.

तो उठला. ढब्बूचा दंड एका हातात होता, दुसऱ्यात त्यानं शेगडीजवळचं लोखंडी उलथनं घेतलं. ते त्यानं डोक्याच्या वर उचललं, आणि या वेळी ते बायकोसाठी उचललेलं नव्हतं.

"सोड तिला!" ती ओरडली.

इतक्या वर्षांत तिनं त्याला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. तो क्षणभर थबकला, बहुधा त्या शब्दानंच. मग उलथनं खाली यायला लागलं. तिनं हाताला लागलेल्या फडक्यानं तव्याची मूठ धरली, गरम बटाटे तिच्याच पायावर सांडले, आणि दोन्ही हातांनी तवा फिरवला. तो त्याच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिनं आधी कधी ऐकला नव्हता. ओलं लाकूड मोडावं तसा आला. उलथनं पडलं. तो डावा हात पुढं करून तिच्या अंगावर आला, तेव्हा दुसरा घाव खांद्यावर बसला, अगदी जिथं तिच्या खांद्यावर बसला होता तिथं. तो खुर्चीसकट खाली गेला.

तवा पुन्हा वर गेला. आता त्याचं डोकं तिच्या पायाशी होतं, केस पातळ झालेलं, घामानं चमकणारं. तो वर बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याकडे असा बघत होता, की आता ही काय करणार. तिला करायचं होतं. हे तिनं पुढे कुणापासून लपवलं नाही. हात खाली यायच्या बेतात होते.

"आई," ढब्बू म्हणाली. बस, एवढंच.

तिनं तवा शेगडीवर ठेवला. गॅस बंद केला. ढब्बूला उचललं तर ती उचलायला अगदीच हलकी लागली. खाली जाऊन तिनं पहारेकऱ्याला सांगितलं, "वर माणूस पडलाय, हात मोडलाय, गाडी बोलवा." आणि तशीच, भाजलेल्या पायानं, पोलीस ठाण्यात गेली.

ठाण्यातली बाई अधिकारी बराच वेळ ऐकत राहिली.

"कशानं मारलंस?"

"बिडाच्या तव्यानं."

"त्याच्या डोक्यात का नाही घातलास?"

 ती म्हणाली, "घालणार होते."

 अधिकारी बाईनं पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि ढब्बूच्या तोंडावरचं रक्त स्वतःच्या रुमालानं पुसलं.

नवऱ्याला तिच्याच इस्पितळात आणलं होतं. तिथं डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? तो म्हणाला, "पडलो." पोलिसांनी विचारलं तेव्हाही तेच. "बाथरूममध्ये पडलो." बायकोनं मारलं हे सांगणं त्याला हात मोडण्यापेक्षा जड गेलं. पण तिनं आपली बाजू सगळी सांगितली, जुन्या पट्ट्यांपासून. नर्सही साक्षीला उभी राहिली. कोर्टानं त्याला घराजवळ यायला बंदी केली, पण त्या घरात तिलाच राहवेना. हवालदारमावशीच्या माडीवर एक खोली होती, ती मिळाली. तिथं मावशीची चेपलेली, जुनाट, कशाची आहेत ते ओळखूही न येणारी भांडी होती. ढब्बू अजून चाचपत खाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळ लागेल, घाई करू नका. आई घाई करत नाही. पुढ्यात ताटली ठेवते आणि स्वतः जेवायला लागते.

तो आला तो हिवाळ्यात, धुलाईघराच्या मागच्या फाटकाशी. उजवा हात अजून झोळीत होता. अंगानंही वाळला होता. लिफ्टची कामं सुटली होती, असं कानावर आलं होतं. पायाशी एक मोठा खोका होता.

"घरी नाही आलो. इथं यायला बंदी नाही," तो घाईनं म्हणाला.

"बोल."

"हे ढब्बूसाठी. पूर्ण स्टीलचं आहे. आतून, बाहेरून, वरची जाळी पण. मी स्वतः उघडून बघितलं." त्याचा आवाज चिरकला. "सगळीकडे शोधलं. यात कर तिला. मी काही मागत नाही. मला फक्त तिनं चांगलं खावं असं वाटतं."

तिला माहीत होतं की हे खरं आहे. तेच तर अवघड होतं.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"अगं, पण बघ तरी एकदा. शंभर टक्के—"

"चांगलंच असेल. तू बघून आणलंयस. घेऊन जा."

तो उभा राहिला. आतून यंत्रांची घरघर येत होती आणि मावशीची हाक. शेवटी तो वाकला, एका हातानं खोका उचलायला गेला. खोका तिरका होऊन निसटला. पुन्हा उचलला, पुन्हा निसटला. त्यानं वर बघितलं नाही.

तिनं फाटक उघडलं, खोका उचलला आणि त्याच्या डाव्या बगलेत नीट बसवून दिला. तो पडणार नाही याची खात्री होईपर्यंत हात लावून ठेवला. मग हात काढला, फाटक ओढून घेतलं आणि चादरी ओल्याच पडल्या होत्या म्हणून आत गेली.